माइक आधी, कॅमेरा मग

प्रश्न : बी.ए. झालं. व्हिडिओ आणि ऑडिओ पत्रकारिता एम.ए.ला शिकायची आहे. त्यासाठी पुणं-मुंबई गाठावी लागेल का? कॅमेरा आधीच घेऊन ठेवू का? – एक वाचक, घाटंजी

उत्तर : दोन्हींची गरज नाही. नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग, वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय, अमरावतीतलं भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र, सगळं विदर्भातच आहे. वर्ध्याला शिकवणं हिंदीतून असतं, एवढं ध्यानात ठेवा. अमरावतीला एम.ए. आहे की पदविका, ते आधी विचारून घ्या. माहितीपत्रकातल्या स्टुडिओच्या फोटोवर भुलू नका. तिथं शिकणाऱ्या मुलांना गाठून विचारा : एका कॅमेऱ्यामागं किती जण? एडिटिंगची लॅब संध्याकाळी उघडी असते का? शेवटच्या सत्रात लघुप्रबंधाऐवजी माहितीपट किंवा रेडिओ कार्यक्रम करता येतो का?

पैसे कॅमेऱ्यात अडकवू नका. पहिल्या वर्षाला हातातला फोन पुरतो. त्याला तारेचा कॉलर माइक आणि तारेचाच हेडफोन जोडा. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागाहून येतो.

प्रश्न : सरावासाठी कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या. बोलणं मशीनच्या घरघरीत बुडालं. एडिटिंगमध्ये घरघर काढता येईल का? – एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : थोडी कमी होईल, निघणार नाही. मशीनचा आवाज आणि माणसाचा आवाज बऱ्याच अंशी एकाच पट्टीत असतात. सॉफ्टवेअर घरघर कापतं तेव्हा बोलणंही कापतं, आणि माणूस विहिरीत तोंड घालून बोलतोय असं वाटतं. मुलाखत पुन्हा घेतलेली बरी.

या वेळी माणसाला मशीनपासून दूर, कापसाच्या गाठींच्या थप्पीमागं न्या. गाठी आवाज चांगला शोषतात. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. अंतर निम्मं केलं की बोलणं साधारण सहा डेसिबलनं वाढतं, मागची घरघर मात्र तेवढीच राहते. दुपट्टा वा पदर माइकवर घासला की खरखर येते. म्हणून कपडा बाजूला खोचायला सांगा आणि माइकची तार चिकटपट्टीनं कपड्याला पक्की करा. फोन फ्लाइट मोडवर टाका. रेकॉर्डिंगची पातळी हातानं ठरवता येईल असं ॲप वापरा. आपोआप पातळी धरणारं ॲप माणूस थांबला की मागचा गोंगाट फुगवतं. ॲपच्या मीटरवर शून्य ही वरची हद्द असते; बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला भिडून फाटलेला आवाज नीट होत नाही.

सुरुवातीला ‘आज सकाळी काय जेवले?’ असं विचारा. तेवढ्यात पातळी लावून होते, आणि माइक दिसताच पुस्तकी बोलू लागलेला माणूस वऱ्हाडीवर येतो. ती वऱ्हाडी तशीच ठेवा. तिला ‘शुद्ध’ करायचा सोस काही शिक्षकांनाही असतो, तो आम्हाला पटत नाही. ‘मजुरी वेळेवर मिळते का?’ या प्रश्नाला ‘हो जी’ एवढंच उत्तर येतं, रेडिओला ते कुचकामी. ‘मागच्या हप्त्याचे पैसे कसे आले, ते सांगा’ म्हणा. उत्तर चालू असताना ‘हो हो’ करू नका, मान हलवा.

मशीनचा आवाज जवळून दोन मिनिटं वेगळा घ्या. मुलाखतीच्या जागेची शांतताही अर्धा मिनिट घ्या, कापलेल्या वाक्यांमधल्या फटी तिनंच बुजतात. नंतर घरघर आधी मोठी, बोलणं सुरू होताच दबकी, अशी खाली अंथरा. ऐकणाऱ्याला जिनिंगही कळतं आणि शब्दही.

प्रश्न : ग्रामपंचायतीत ट्यूबलाइटखाली घेतलेल्या व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. शिवाय वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज हळूहळू ओठांच्या पुढं-मागं होतो. – एक वाचक, मोर्शी

उत्तर : आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, पट्टे जातात. स्वस्त एलईडी तरीही त्रास देतो; मग माणसाला खिडकीकडं तोंड करून बसवा.

ओठ सरकण्याचं कारण बहुधा फोनच. उजेड कमी झाला की बरेच फोन फ्रेमचा वेग आपोआप बदलतात. फाइल हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून ठरावीक २५ फ्रेमवर काढून मगच एडिटिंगला घ्या. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, आणि सुरुवातीला तशी शेवटीही कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. दोन्ही टाळ्या जुळल्या, तर मधलंही बहुतेक जुळतं.