चांदीच्या रुपयावरचा निळा-जांभळा रंग नैसर्गिक की केलेला, कसं ओळखायचं?

मुंबई टांकसाळीचा 1918 चा जॉर्ज पंचम रुपया, काठाशी निळा-जांभळा रंग, आणि विक्रेता 'ओरिजिनल टोनिंग' (काळानुसार आपोआप चढलेला रंग) म्हणून जादा पैसे मागतोय. फोटोवर जाऊ नका, त्यात रंग हवे तसे भडक करता येतात. नाणं काठाला धरून एकाच बल्बखाली हळूहळू तिरकं करा. दहा पटींचं भिंग हवंच.

आधी रंगांचा क्रम बघा. हा सगळा सिल्व्हर सल्फाइडच्या, म्हणजे चांदी आणि गंधकाच्या संयुगाच्या, पातळ थराचा खेळ. थर जाड होतो तसा रंग बदलतो: फिकट सोनेरी, तांबूस, किरमिजी, जांभळा, निळा, आकाशी, मग पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा, शेवटी काळपट. पाकिटात किंवा अल्बममध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या नाण्यावर थर काठाकडून आत सरकतो, म्हणून निळ्यापासून मध्याकडे जांभळा, तांबूस, सोनेरी असं उतरत जायला हवं. निळ्याला खेटून एकदम पांढरी चांदी दिसली तर मी ते नाणं खाली ठेवतो.

मग लस्टर, म्हणजे नाण्याची मूळ चकाकी. न वापरलेला रुपया फिरवला की चकाकीचा पट्टा रंगाखालून अखंड सरकतो. राजाची दाढी-मुकुट झिजलेला आणि वर इंद्रधनुष्य, हे जुळत नाही; वापरातल्या रुपयावर राखाडी छटा आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत काळेपणा असतो. भिंगाखाली बारीक समांतर ओरखडे दिसले तर नाणं आधी घासून उजळलंय, रंग नंतरचा.

अक्षरांभोवती रंग किंचित थांबून फिकट कड राहिली असेल तर चांगली खूण, पण ती नसली म्हणजे खोटंच असं नाही. अक्षरांवरून ओघळल्यासारखे पट्टे किंवा थेंबांचे डाग मात्र लिव्हर ऑफ सल्फरचे असू शकतात. ऑक्सिडाइज्ड दागिने काळे करतात तेच हे रसायन.

काही जण ॲसिटोनमध्ये बुडवून 'बघा, रंग टिकला' म्हणतात. शुद्ध ॲसिटोनने लॅकर, शाई, प्लास्टिक पाकिटाचा हिरवा चिकटा निघतो. सल्फाइड निघत नाही, मग ते कपाटात आपोआप झालेलं असो वा वाटीत रसायनाने, म्हणून रंग टिकला यावरून काहीच कळत नाही.

गंधकयुक्त कागदात उबेला ठेवून सावकाश चढवलेला रंग तज्ज्ञांनाही चकवतो. पीसीजीएस ही नाणी तपासून प्रमाणित करणारी अमेरिकी कंपनीसुद्धा अशा नाण्यांवर 'शंकास्पद रंग' एवढाच शेरा मारते. 1918 चा मुंबई रुपया मुबलक मिळतो, वजन 11.66 ग्रॅमच्या आसपास आहे ना ते बघा आणि बिनरंगी नाण्याचाच भाव द्या. घेतल्यावर रंग काढायला डिपमध्ये (नाणी उजळायच्या आम्लयुक्त द्रावात) बुडवू नका, थरासोबत लस्टरही जातं.