वाचक विचारतात: गावच्या पाण्याचा हिशेब कुठून सुरू करायचा?

प्रश्न: सर नमस्कार, मी बेळगावकडच्या मार्कंडेय नदीकाठच्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. मागे तालुक्याला ट्रेनिंग झालं, त्यात एकात्मिक जल व्यवस्थापनावर दोन तास सांगितलं, सगळं कन्नडमधे, थोडं समजलं थोडं नाही. आमच्याकडे नदीवर मोटरी, शहराकडनं नाल्याचं घाण पाणी, फेब्रुवारीत बोअर आटतात आणि ऊस तर वाढतच चाललाय. हे एकात्मिक वगैरे आमच्यासारख्या गावात खरंच होतं का? सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, होतं, पण ट्रेनिंगमधे सांगतात त्या टोकाकडनं नाही. एकात्मिक म्हणजे काय तर पिण्याचं, शेतीचं, कारखान्याचं पाणी, विहीर-बोअर, गटार, हे सगळं शेवटी एकाच नदीचं, म्हणून हिशेबही एकच ठेवायचा. 1992 ला डब्लिनच्या परिषदेत ही तत्त्वं मांडली, मग 2002 ला जोहान्सबर्गला ठरलं की सगळ्या देशांनी 2005 पर्यंत आराखडे करायचे. आराखडे बऱ्याच देशांनी केले. गाडी अडली ती पुढं. दक्षिण आफ्रिकेने 1998 ला चांगला कायदा केला, 19 पाणलोट संस्था काढायच्या ठरवल्या, आणि पुढच्या पंधरा वर्षांत नीट चालू झाल्या दोनच, कारण माणसं कमी आणि वरचं खातं हातातले अधिकार सोडेना.

आपल्याकडे बघा, नळाचं पाणी पंचायतीकडे, धरण-कालवे राज्याच्या नीरावरी निगमकडे, बोअर भूजल खात्याकडे, वीज हेस्कॉम कंपनीकडे, सांडपाणी महापालिकेकडे. त्यात 10 एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट, त्यामुळं मोटर किती तास चालली ते कुणाच्या खिशाला कळतच नाही. यात शेतकऱ्याला मी दोष देत नाही, ऊस लावला की कारखाना नेतो, बटाट्याचं काय होईल कुणी सांगावं.

म्हणून आकड्यापासनं सुरू करा. आंध्रात 7 दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी हेच केलं, पाऊस स्वतः मोजला, विहिरींची पातळी स्वतः मोजली आणि रब्बीआधी गावात बसून पाणी किती, पिकं किती ते मांडलं, बंदी कुणावरच घातली नाही. तुम्ही पण पाच-सहा विहिरी निवडा, वरच्या अंगाच्या, खालच्या अंगाच्या. दोरीला फुटाफुटावर गाठ मारायची, टोकाला दगड बांधायचा, काठावर रंगाची खूण करायची आणि दर पंधरा दिवसांनी त्याच खुणेवरनं दोरी सोडायची, सकाळी मोटर चालू व्हायच्या आधी, नाहीतर आकडा चुकतो. आकडे पंचायतीच्या भिंतीवर कन्नड-मराठी दोन्हीत लिहा, कारण नदीवर मोटरी कन्नड-मराठी दोघांच्याही आहेत.

मग पिकाचं गणित. हेक्टरभर रानात 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. एकरभर उसाला वर्षाला पाऊस धरून साधारण 80 लाख लिटर लागतं, आणि आपली मसूर भात काढल्यावर राहिलेल्या ओलीवरच येते! ऊस आणि मसूर शेजारी शेजारी लिहिले ना की भाषण करावं लागत नाही. ऊस काढून टाका असं म्हणूच नका, भांडण होईल आणि सगळं तिथंच थांबेल. आहे त्या उसाला ठिबक आणि नवीन लागण किती करायची, एवढंच पहिल्या वर्षी बोला.

बैठकीच्या वेळेचं मात्र मनावर घ्या. सकाळी अकराला ठेवली तर बायका भांगलणीला गेलेल्या असतात आणि मग मोटरवालेच मोटरीचं ठरवतात. डब्लिनच्या चार तत्त्वांत एक बायकांच्या सहभागाचंच आहे, आणि कुठली बोअर आधी खरवडते हे घागर घेऊन उभं राहणारीलाच माहीत असतं. धारा झाल्यावर, रात्री आठला ठेवा.

नाल्याच्या घाणीचं एकट्या गावानं होणार नाही, ते मी खोटं सांगणार नाही. खालच्या चार-पाच पंचायतींनी एकाच मजकुराचा ठराव करावा, सोबत पाण्याच्या रंगाचे, वासाचे, मेलेल्या माशांचे तारखेसकट फोटो जोडावेत आणि पीडीओंकडनं (पंचायत विकास अधिकारी) तो महापालिका आणि प्रदूषण मंडळाला पाठवून पोच घ्यावी. सुटासुटा अर्ज कुठं जातो ते तुम्ही बघितलंच असेल.

मृगाआधी दोऱ्या तयार ठेवा. भात कापणीच्या सुमारास आकडे मला कळवा, मसूर पेरायच्या आधी आपण ते मांडून बघू.