लेकीचं ऑस्ट्रेलियाचं पीआर: एजंटला पैसे द्यायच्या आधी पॉइंट्स मोजूया

काका, नमस्कार.

पत्र मिळालं. मुलगी सांगलीत बीई सिव्हिल झाली, आता पुण्यात साइट इंजिनियर आहे, वय 27, चार वर्षं काम, आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेत ओव्हरऑल 7, आणि एजंट म्हणतोय 80 पॉइंट्स सहज होतात, साडेतीन लाख भरा, पीआरची, म्हणजे तिकडे कायम राहण्याच्या व्हिसाची गॅरंटी. तुम्ही विचारलंय एफडी मोडू का. काका, मोडू नका. या व्हिसाला वय, शिक्षण, इंग्लिश, अनुभव अशा गोष्टींचे पॉइंट्स मोजतात, आधी आपण तो हिशोब करू.

वयाचे 30, कारण 25 ते 32 वयाला सगळ्यात जास्त मिळतात. डिग्रीचे 15. लग्न झालेलं नाही त्याचे 10. झाले 55. आता इंग्लिश. तुम्ही निकालाचा फोटो पाठवलाय त्यात रायटिंगला 6.5 दिसतायत. तिथे ओव्हरऑल बघतच नाहीत हो, लिसनिंग रीडिंग रायटिंग स्पीकिंग चारही ठिकाणी 7 असतील तर 10 पॉइंट्स, चारही ठिकाणी 8 असतील तर 20, आणि एकात जरी 7 ला अर्धा बँड (गुण) कमी पडला तर काहीच नाही. म्हणजे आज इंग्लिशचे शून्य.

राहिला अनुभव. ऑस्ट्रेलियाबाहेरच्या कामाचे 3 वर्षं पूर्ण झाल्यावर 5 मिळतात, 5 वर्षांना 10, 8 वर्षांना 15. चार वर्षं आहेत म्हणजे 5 तरी मिळायला पाहिजेत, पण तुम्हीच लिहिलंय की पहिलं दीड वर्ष ती कॉन्ट्रॅक्टरकडे होती, पगार रोख हातात, ना स्लिप ना पीएफ ना ऑफर लेटर. मग कागदावर उरतात अडीच वर्षं, त्याचेही शून्य. एकूण 55, आणि स्किलसिलेक्ट या तिथल्या सरकारी साइटवर नाव नोंदवून निवड व्हायला कमीत कमी 65 लागतात. तेही नुसतं दारात उभं राहण्यापुरते, प्रत्यक्षात ज्यांचे पॉइंट्स जास्त त्यांना आधी बोलावतात, त्यामुळे 65 वर विसंबून राहू नका.

एजंटने 80 कसे फुगवलेत त्याची चुणूक त्याच्या एका वाक्यात आहे, "त्या दीड वर्षाचं लेटर आपण बनवून घेऊ." काका, हे वाचून मला खरंच राग आला. खोटा कागद सापडला की व्हिसा नाकारतात आणि पुढची तीन वर्षं बहुतेक व्हिसे मिळत नाहीत, आणि ते एजंटला नाही, तुमच्या मुलीला भोगावं लागतं, फी गेली ती वेगळीच. ते दीड वर्ष सोडून द्या. अजून सहा महिने आहे तिथेच काम करू दे, सॅलरी स्लिप, फॉर्म 16, पीएफ पासबुक, बँक स्टेटमेंट नीट जपून ठेवू दे, तीन वर्षं खरी भरतील आणि 5 पॉइंट्स हक्काने मिळतील.

स्किल्स असेसमेंटचंही, म्हणजे डिग्री आणि कामाच्या तपासणीचंही तसंच. इंजिनियर लोकांचं ते इंजिनियर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था करते. वॉशिंग्टन अकॉर्ड म्हणजे एकमेकांच्या इंजिनियरिंग डिग्र्या मानण्याचा देशांमधला करार, भारत 2014 पासून त्यात आहे पण फक्त एनबीए या आपल्याकडच्या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या टियर-1 कोर्सेससाठी, तेव्हा तिचा कोर्स तिच्या पासिंगच्या वर्षी त्यात होता का हे आधी बघा. नसेल तर सीडीआर म्हणजे आपल्या कामाचा अहवाल लिहावा लागतो, त्यात स्वतः केलेल्या कामावर तीन करिअर एपिसोड्स असतात. एजंट लोक ते तयार विकतात, कॉपी पकडली जाते आणि मग अर्ज अडकतो. तिने स्लॅब, शटरिंग, बिलिंग, क्वालिटी चेक हे सगळं स्वतः उभं राहून केलंय ना, मग तेच तिने स्वतः लिहावं.

आता तुमचा तो प्रश्न, "मराठी मीडियमची आहे, तिकडे कमी पडेल का?" उलट काका, इथेच तिला फायदा आहे! नाटी या ऑस्ट्रेलियातल्या दुभाष्यांच्या संस्थेची सीसीएल म्हणून एक परीक्षा असते, त्यात मराठी भाषा आहे. एक माणूस इंग्लिशमध्ये बोलतो एक मराठीत, हॉस्पिटल, बँक, शाळा, सरकारी ऑफिस असे विषय, आणि आपण ऐकून लगेच इकडचं तिकडे सांगायचं. दोन संवाद असतात, 90 पैकी 63 लागतात आणि प्रत्येक संवादात किमान 29. पास झालं की 5 पॉइंट्स. इंग्लिश मीडियमची मुलं तिथे "विमा हप्ता", "जामीनदार" असल्या शब्दांना अडखळतात, तुमची लेक नाही अडखळणार.

मग बघा, रायटिंगवर मेहनत करून चारही 7 केले तर 65, अनुभव धरून 70, सीसीएल धरून 75. चारही 8 झाले तर 85. तिथल्या एखाद्या राज्याने 190 नंबरच्या व्हिसासाठी नॉमिनेट केलं तर आणखी 5, आणि 491 नंबरच्या व्हिसाला 15 मिळतात, पण तो 491 पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा, सिडनी मेलबर्न ब्रिस्बेन सोडून राहावं लागतं, पर्थ ॲडलेड चालतं. मला विचाराल तर 491 अजिबात वाईट नाही.

स्थळ आलंय म्हणता. लग्न झालं की एकटीचे 10 जातात, पण नवऱ्याचं वय 45 च्या आत, त्याचं स्किल्स असेसमेंट झालेलं आणि इंग्लिश चारही 6 असेल तर ते 10 परत येतात, नुसतं इंग्लिश असेल तर 5. पण पॉइंट्ससाठी लग्न लांबवू नका आणि घाईही करू नका, आणि ठरलं तर अर्जात लपवू नका. वयाचे 30 तिच्याकडे 33 वा वाढदिवस येईपर्यंत आहेत, वेळ आहे.

एक मात्र मनाला लागलं. एवढ्या मोठ्या पत्रात तिला स्वतःला जायचंय का हे कुठेच नाही. या रविवारी ती सांगलीला येईल तेव्हा शांतपणे विचारा. हो म्हणाली तर तिलाच मला फोन करायला सांगा, रायटिंगपासून सुरुवात करू. आणि पुढेमागे एजंट लागलाच तर त्याचा ऑस्ट्रेलियातला रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि सरकारी साइटवर स्वतः तपासा, गॅरंटी देणाऱ्याकडे परत जाऊ नका.