मीटरवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा

वाचकांचे प्रश्न : गाडी घेताना

प्रश्न : मी कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. शाळा घरापासून सहा किलोमीटरवर आहे आणि दर रविवारी आईवडिलांकडे पाटणच्या पुढच्या गावी जावे लागते; ते अंतर जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर भरते. आजवर दुचाकीवर निभावले, पण वडिलांना आता वरचेवर दवाखान्यात न्यावे लागते, म्हणून पहिलीच चारचाकी घेतो आहे. चार लाखांच्या वर जाण्याची ऐपत नाही. दोन गाड्या पाहिल्या. दोन्ही मारुती डिझायर, डिझेल, २०१३ च्या, एमएच ५० (कराड) पासिंगच्या. पहिली एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीची, एकाच मालकाची, १,८७,००० किलोमीटर पळालेली असून तिचे सव्वातीन लाख मागतात. दुसरी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे आहे. दुसरा मालक, मीटरवर ६२,००० किलोमीटर, किंमत पावणेचार लाख. मेव्हणे म्हणतात, दोन लाख किलोमीटरांना टेकलेली गाडी म्हणजे दुसऱ्याचे दुखणे पैसे देऊन घरी आणणे. कोणती घ्यावी?
— एक शिक्षक, कराड

उत्तर : मेव्हण्यांची भीती चुकीची नाही, पण ती चुकीच्या गाडीबद्दल आहे. मला शंका आहे ती दुसऱ्या गाडीची.

२०१३ ची गाडी ६२,००० किलोमीटर पळाली याचा अर्थ ती महिन्याला सरासरी चारशे-सव्वाचारशे किलोमीटर चालली. त्या काळी डिझेलची डिझायर पेट्रोलपेक्षा सुमारे लाखभर रुपयांनी महाग होती आणि तरीही लोक तिच्यावर तुटून पडत, कारण डिझेल आणि पेट्रोल यांच्या दरांत तेव्हा मोठी तफावत होती. डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून पूर्णपणे मोकळे झाले ते ऑक्टोबर २०१४ मध्ये. म्हणजे लाख रुपये जास्त देऊन डिझेल गाडी घेणाऱ्याचे रनिंग भरपूर असायचे, निदान तसा त्याचा हिशेब तरी असायचा. अशा माणसाने ती महिन्याला चारशे किलोमीटर चालवली हे अशक्य नाही. घरात दोन गाड्या असणारे डॉक्टर असतात, परगावी राहणाऱ्या मुलाने वडिलांच्या दारात उभी करून ठेवलेली गाडी असते. पण मग ते कागदांवरून दाखवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. मीटर मागे घेणे हे आज अर्ध्या तासाचे काम झाले आहे आणि त्याची खूण डॅशबोर्डवर राहत नाही.

खूण राहते ती दुसरीकडे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ ५८,००० रीडिंगची गाडी दाखवायला माझ्याकडे घेऊन आले होते. गाडी धुऊन-पुसून, पॉलिश करून लखलखीत केलेली होती. मी बोनेट उघडायच्या आधी चालकाच्या बाजूचे दार उघडले, तर दाराच्या खांबावर ऑइल बदलल्याचे एक मळकट स्टिकर तसेच राहून गेले होते आणि त्यावर बॉलपेनने पुढच्या सर्व्हिसिंगचा आकडा लिहिला होता : १,४२,०००. त्या गृहस्थांनी स्टिकर पाहिले, दार लावले आणि मला चहा पाजून ते निघून गेले. दरवेळी नशीब इतके जोरावर नसते, म्हणून क्लचचे पेडल बघा. साठ हजार किलोमीटरांत त्याच्या रबरावरच्या रेषा थोड्या बुजतात, पण दिसतात. एका बाजूची कड झिजून रबर गुळगुळीत झाले असेल तर गाडी लाखाच्या पुढे गेलेली असण्याचा संभव मोठा. आणि रबर कोरे करकरीत असेल तर त्याहून जास्त सावध व्हा, कारण साठ हजार किलोमीटर पळालेल्या गाडीचे पेडल-रबर कोणी हौसेने बदलत नाही. सर्वांत भक्कम पुरावा मात्र अधिकृत वर्कशॉपमधल्या नोंदींचा. तिथे गाडी शेवटची केव्हा आली आणि तेव्हा रीडिंग किती होते, हे गाडीच्या नंबरावरून निघते. व्यापाऱ्याला सांगा की मालकाकरवी ती नोंद काढून द्या. त्याने टाळाटाळ केली तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळाले.

आता पहिली गाडी. १,८७,००० किलोमीटर म्हणजे महिन्याला साधारण साडेबाराशे, आणि औषध कंपनीच्या प्रतिनिधीसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. हे रनिंग बहुतांशी कराड, सातारा, सांगली अशा मोठ्या रस्त्यांवरचे असणार, म्हणजे इंजिन तापलेले, टॉप गिअर, कमी क्लच. असे दोन लाख किलोमीटर इंजिनाला गावातल्या ऐंशी हजारांपेक्षा सुसह्य असतात. शिवाय या गाडीतले १२४८ सीसीचे इंजिन फियाटच्या घराण्यातले आहे. मारुती, टाटा आणि खुद्द फियाट अशा अनेकांच्या गाड्यांत तेच बसवले गेले, इतके की गॅरेजवाले त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणत. त्यामुळे मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या तरी हे इंजिन ओळखणारा मेस्त्री आणि त्याचे सामान तालुक्याच्या गावीही मिळते. त्यात टायमिंगला, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमिट करायला, पट्टा नसून चेन आहे. चेन ठरावीक किलोमीटरला बदलावी लागत नाही, पण ऑइल वेळेवर बदलले नसेल तर ती सैल पडते आणि सकाळच्या पहिल्या सेल्फला खडखडते.

म्हणून गाडी सकाळीच बघायला जा आणि आधी कोणी सुरू करू नये असे सांगून ठेवा. गेल्यावर प्रथम बोनेटवर तळहात ठेवा. ते कोमट लागले तर त्या दिवशी परत या; थंड इंजिन जे बोलते ते गरम इंजिन लपवते. सुरू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांतला खडखडाट ऐका, मग धुराकडे बघा. रेस दिल्यावर क्षणभर काळा धूर आला तर मी फारसे मनावर घेणार नाही, परंतु निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केट यांपैकी कशाचा तरी खर्च वाट बघतो आहे. त्यानंतर इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सोडवा आणि तोंडावर नुसते उलटे ठेवा. ते जागच्या जागी थरथरले तर ठीक. उडून बाजूला पडत असेल आणि खालून वाफेचे भपके येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, मग गाडी कितीही देखणी असो, नमस्कार करून निघा. ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नका. डिझेलचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडते, आणि जिथे ते मधासारखे पिवळे दिसेल तिथे काल-परवाच बदलले आहे एवढेच समजावे.

गाडी चालवून बघताना चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोरात दाबा. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट गेली. खड्ड्यांतून नेताना पुढून खट्खट् आवाज आला तर लोअर आर्मचे बुश आणि शॉकअप यांचा खर्च धरा. ही कामे दोन लाख किलोमीटरांच्या आसपास यायचीच. म्हणून जास्त पळालेल्या गाडीच्या मालकाला ‘काही काम निघाले आहे का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘काहीच नाही’ हेच असते. ‘काय काय बदलले, त्याची बिले दाखवा’ असे विचारावे. क्लच, शॉकअप, बॅटरी आणि टायर यांची अलीकडची बिले त्याच्याकडे असतील, तर १,८७,००० हा आकडा तुम्हाला भिववण्यापेक्षा भाव पाडायला उपयोगी पडेल. बिले नसतील तर पहिल्याच वर्षी पन्नास-साठ हजार लागतील असे धरून तेवढे किमतीतून वजा मागा. माझ्या हिशेबाने बिलांसह ती पावणेतीन लाखांपर्यंत यायला हरकत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही पहिली गाडी मनात नक्की केली असेल, तर क्षणभर थांबा, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे मी दोन्ही गाड्यांना नाही म्हणेन. शाळेचे आणि गावाचे मिळून तुमचे रनिंग महिन्याला सव्वासहाशे किलोमीटर, म्हणजे वर्षाला साडेसात हजार होते. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये आणि अॅव्हरेज १८ धरले तर वर्षाचा खर्च ३७,५०० रुपये. पेट्रोल १०४ रुपये आणि अॅव्हरेज १५ धरले तर ५२,०००. फरक साडेचौदा हजारांचा. टर्बो किंवा इंजेक्टरचे एकच काम निघाले की ती बचत धुऊन जाते, आणि या वयात ते काम निघते. शिवाय सहा किलोमीटरांत डिझेल इंजिन नीट तापतही नाही. रोज असे अर्धवट तापून बंद होणाऱ्या इंजिनात ईजीआर व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत, काजळी साचत जाते. ज्या रनिंगने ती गाडी आजवर निरोगी राहिली तेच तुम्ही बंद करणार आहात. त्याच वर्षाची पेट्रोल डिझायर किंवा वॅगन आर, साठ-सत्तर हजार किलोमीटरांची, बिलांसकट, याच पैशांत शोधा. आणखी महिनाभर लागला तरी चालेल. तशी मिळालीच नाही आणि या दोन्हींतलीच घ्यायची झाली, तर पहिली घ्या.

कागदांचे थोडक्यात सांगतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०१३ च्या गाडीची २०२८ मध्ये संपेल. त्यानंतर तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि हा खर्च आजच्या भावात दिसला पाहिजे. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय इसारापलीकडे पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन तीस दिवसांच्या आत तुमच्या नावाचा अर्ज गेला पाहिजे. व्यापारी ‘विम्यावर पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे’ असे सांगत असेल तर तो बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो तुम्हाला मिळणार नाही. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आहे, ती बसवलेली आहे का तेही बघा.

प्रश्न : रत्नागिरीत २०१७ ची एक पेट्रोल गाडी फक्त ४१,००० किलोमीटर पळालेली, बाजारभावापेक्षा लाखभर रुपयांनी स्वस्त मिळते आहे. आत सुगंधी डबीचा फार उग्र वास येतो. विकणारा म्हणतो, मालक परदेशी गेला म्हणून घाई आहे.
— एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : तो वास कशावर पांघरूण घालतो आहे हे आधी शोधा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या आणि त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरातही तेच झाले. अशा काही गाड्या स्वच्छ होऊन फिरत असतात. मागच्या सीटचा पट्टा हळूहळू ओढत पूर्ण बाहेर काढा. रोजच्या वापरात तो शेवटपर्यंत कधीच निघत नाही, त्यामुळे धुणाराही तिथवर पोचत नाही. शेवटच्या वीतभर भागात मातकट रेघ दिसली तर पाणी कुठपर्यंत चढले होते ते कळते. मग सीटखालच्या लोखंडी पट्ट्या, डिकीतील स्टेपनीचा खळगा आणि डॅशबोर्डखालच्या वायरींचे जोड बघा. तांब्यावर हिरवट बुरशी आलेली असेल तर गाडी घेऊ नका, लाखाऐवजी दोन लाखांनी स्वस्त असली तरी. इंजिन पुन्हा बांधता येते. ओली होऊन वाळलेली वायरिंग केव्हा दगा देईल ते सांगता येत नाही, आणि एअरबॅग उघडणारा संच बहुतेक गाड्यांत मधोमध, फरशीलगतच असतो.

प्रश्न : नाशिकच्या एका एजंटाकडे दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या निम्म्या किमतीत आहेत. घ्याव्यात का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : त्या स्वस्त का आहेत हे उघड आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, म्हणून मालक मुदत भरत आली की त्या बाहेर काढत आले आहेत. गाडी वाईटच असेल असे नाही. पण तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र (एनओसी), म्हणजे फॉर्म २८, हवे, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा कर भरून इथला नंबर घ्यावाच लागतो. त्या कराचा आकडा एजंटाकडून न घेता स्वतः आरटीओत जाऊन काढा, तो किमतीत मिळवा, आणि मग तसलीच एमएच १५, म्हणजे नाशिक पासिंगची गाडी कितीला मिळते ते विचारा. माझ्याकडे आलेल्या अशा तीन-चार जणांचा हिशेब पंधरा-वीस हजारांच्या फरकावर येऊन थांबला होता, आणि त्यांतल्या एकाची एनओसी आठ महिने आली नव्हती.