सवलत जाऊ द्या, आधी कान तपासा

प्रश्न : गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सुपरवायझर आहे, हातात ४५ हजार येतात. मुलगा पावणेतीन वर्षांचा, चार-पाच शब्दच बोलतो. एका सेंटरने वर्षाचं स्पीच थेरपीचं पॅकेज दीड लाख सांगितलंय. महिनाअखेर एकरकमी भरले तर १ लाख २० हजार, आठवड्याला दोन सेशन, सहा महिन्यांत बोलायची गॅरंटी. दुसऱ्या एक मॅडम सेशनला ६०० घेतात, पण गॅरंटी देत नाहीत, वर आधी कान तपासून या म्हणाल्या, म्हणून तो विषय सोडला. दीड लाखाची एफडी मोडू की सोनं तारण ठेवू? मुलाच्या नावे वर्षाला ४८ हजार हप्त्याची, २० वर्षांची पॉलिसी आहे, शेवटी १७ लाख मिळतील असं एजंट म्हणाला. दोन हप्ते झालेत, ती मोडायची नाही. माझा वेगळा विमा नाही.

उत्तर : एफडी नको, सोनंही नको. खरी गफलत ‘तो विषय सोडला’ इथं झालीय. मूल बोलत नसेल तर त्याला ऐकू येतंय का, हे आधी बघायचं असतं. दाराची बेल वाजली की वळून बघतो, एवढ्यावर भागत नाही. काही आवाज ऐकू येतात, काही नाहीत, असंही असतं. बेरा तपासणी, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघणं, मूल झोपलेलं असताना होते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात आधी चौकशी करा. श्रवणदोष निघाला आणि तो कळलाच नाही, तर १ लाख २० हजारांची सेशनं पाण्यात.

आता सेंटर. वर्षाला १०० सेशन धरा, म्हणजे सवलतीनंतरही एक १,२०० ला पडतं. मॅडमकडे तेवढ्याच सेशनचे ६० हजार, तेही जसे जाल तसे. चार महिन्यांत थांबायची वेळ आली तर २० हजारांत विषय संपला. सेंटरवाले परत किती देणार, हे विचारलंत का?

आणि सेशन घेणार कोण? बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा उपचारांची चार वर्षांची पदवी, त्यापुढे पदव्युत्तर एमएएसएलपी. शिवाय भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी हवी. १९९२ च्या कायद्यानं ती सक्तीची आहे. नंबर मागा, परिषदेच्या वेबसाइटवर तपासा. नंबर मागितल्यावर भिंतीवरची सर्टिफिकिटं दाखवायला लागले तर सरळ उठा. सेशनमध्ये आई-बाबांना आत बसवतात का, घरी काय करून घ्यायचं ते शिकवतात का, हेही विचारा. आठवड्यातले दोन तास त्यांचे, बाकी सगळे तुमचेच. गॅरंटीचं म्हणाल, तर ती न देणाऱ्या मॅडमच मला शहाण्या वाटतात. मूल किती आणि कधी बोलेल, हे तपासणीआधी छातीठोकपणे सांगणारा माणूस फक्त विक्री करतोय.

राहिली ती लाडकी पॉलिसी. ४८ हजार गुणिले २० वर्षं, म्हणजे ९ लाख ६० हजार. एजंटानं १७ लाख सांगितले असले तरी परतावा जेमतेम पाच टक्के. त्यात विमा उतरवलाय मुलाचा! कमावता कोण? ही पॉलिसी तुमच्या गळ्यात मारलीय. आधी स्वतःचा एक कोटीचा टर्म विमा घ्या, तुमच्या वयाला वर्षाला साधारण १२ ते १५ हजार. तो हातात आल्यावरच जुनी बंद करा. दोन हप्त्यांतले बरेचसे पैसे जातील. जाऊ देत, पुढचे अठरा वाचतात. ४८ मधून १२ धरले, तर ३६ हजार उरले. पगारातून महिन्याला दोन हजार घाला, की मॅडमचे ६० हजार उभे राहिले.

सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर हातात येणारी रक्कम, किती ते कंपनीकडून लेखी घ्या, एजंटाकडून फोनवर नको.