मदतनीस ‘फ्रीलान्सर’ असला तरी टीडीएस : वकिलांचे प्रश्न
(आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.)

प्रश्न : माझी एकट्याची वकिली आहे. मसुदे आणि न्यायनिर्णयांचा शोध यांसाठी एका विधी पदवीधर तरुणीला दरमहा १५,००० रुपये देतो. तिला फ्रीलान्सर म्हटले की टीडीएसचा (पैसे देतानाच त्यातून प्राप्तिकर कापून सरकारकडे भरण्याचा) प्रश्न मिटतो का?

उत्तर : मिटत नाही, उलट काही वेळा तो त्यामुळेच उभा राहतो. ती रोज ठरल्या वेळी तुमच्याच कार्यालयात येत असेल, हजेरीपटावर सही करत असेल, रजा मागत असेल आणि दुसऱ्या वकिलाचे काम घेण्याची तिला मुभा नसेल, तर करारात काहीही लिहिलेले असले तरी ते वेतन ठरण्याची शक्यता मोठी आहे. वेतन ठरले आणि तिला दुसरे उत्पन्न नसले, तर वर्षाच्या १,८०,००० रुपयांवर कापण्यासारखे काहीच उरत नाही. ती खरोखरच स्वतंत्रपणे काम करत असेल, तर हे व्यावसायिक शुल्क धरावे. ते वर्षाला ५०,००० रुपयांपुढे गेले की १० टक्के कपात लागते. मात्र व्यक्ती म्हणून वकिली करणाऱ्यावर ही जबाबदारी मागील वर्षाची एकूण व्यावसायिक जमा ५० लाखांवर गेली असेल तरच येते.

प्रश्न : आमची भागीदारी फर्म आहे. टंकलेखन करणारे गृहस्थ पानांच्या हिशेबाने बिल देतात, त्यातच कधी मसुद्याचे पैसेही असतात. कोणता दर लावावा?

उत्तर : भागीदारी फर्मला वरील ५० लाखांची सवलत नाही. निव्वळ टंकलेखन कंत्राटी काम मानल्यास व्यक्तीसाठी १ टक्का कापावा लागतो, तोही एका वेळची रक्कम ३०,००० किंवा वर्षाची बेरीज एक लाखावर गेल्यावर. एकाच बिलात ‘कामाचे पैसे’ एवढेच लिहिले असेल, तर तपासणीत संपूर्ण रकमेवर १० टक्क्यांचा आग्रह धरला जाऊ शकतो. म्हणून ‘टंकलेखन, अमुक पाने’ आणि ‘मसुदा’ अशा दोन ओळी मागून घ्याव्यात. कपात मुळीच केली नाही, तर फर्मचा कर मोजताना त्या खर्चापैकी ३० टक्के रक्कम नामंजूर होऊ शकते, व्याज वेगळेच.

प्रश्न : त्यांनी पॅन दिलेला नाही.

उत्तर : मग कपात लागू होताच दर २० टक्क्यांवर जातो. कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावी. मार्चच्या कपातीसाठी ३० एप्रिलपर्यंत मुदत असते.