जळगाव-धुळ्यानं पुण्यासारखे कर्जरोखे काढावेत का?

तुम्ही विचारलंय की पुणे, इंदूरच्या महापालिका बाजारात रोखे विकून पैसे उभे करतात, मग जळगाव-धुळ्याला पाणी, गटारी, रस्त्यांसाठी ते का जमू नये? जमू शकतं. फक्त रोखा म्हणजे शेवटी कर्जच, आणि ते फिटणार असतं आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीतून. त्यामुळे आधी फेडीचा हिशोब मांडू.

समजा, १२५ कोटींची पाणीयोजना आहे. शेअर-रोखे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या मूळ नियमांत प्रकल्पखर्चातला किमान २० टक्के वाटा पालिकेनं स्वतःच्या पैशातून किंवा अनुदानातून घालायचा होता. तेवढाच धरला, तर २५ कोटी. उरलेल्या १०० कोटींचे १० वर्षांचे रोखे ८ टक्क्यांनी काढले, तर वर्षाला ८ कोटी नुसतं व्याज. मुद्दल दहाव्या वर्षी एकरकमी द्यायचं असेल, तर परतफेड निधीत दरवर्षी पैसे टाकत राहावं लागतं. त्या ठेवीवर साडेसहा टक्के मिळाले, तरी वर्षाला साधारण ७ कोटी ४० लाख लागतात. दोन्ही मिळून १५ कोटी ४० लाख, म्हणजे महिन्याला सुमारे १ कोटी २८ लाख. नव्या पंपांचं वीजबिल आणि गळतीची दुरुस्ती यात धरलेली नाही.

ही रक्कम वेगळ्या एस्क्रो खात्यात जाते. रोख्यांसाठी बांधून दिलेली घरपट्टी आधी तिथे जमा होते, हप्त्यापुरती रक्कम अडकते आणि उरेल ती पालिकेच्या हाती येते. अडचण अशी की घरपट्टी वर्षभर सारखी येत नाही. सवलतीच्या महिन्यांत आणि मार्चअखेर भर येतो, मधले महिने कोरडे जातात. पगार आणि पेन्शन मग जीएसटीच्या भरपाईवर, म्हणजे जकात-एलबीटीसारखे स्थानिक कर बंद झाल्याबद्दल राज्य सरकार देतं त्या पैशावर, निघतात. कायद्यानं ती भरपाई दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते, पण बांधील खर्चही वाढतच असतो. म्हणून रोखे काढण्याआधी किमान तीन वर्षांची महिनावार वसुली समोर ठेवावी. वार्षिक आकडा फसवतो.

खरा रोग अंदाजपत्रकात आहे. त्यात तीन आकडे शेजारी ठेवून वाचा: गेल्या वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. वर्षानुवर्षांची सगळी थकबाकी, गाळेभाडं, जागा विकून येणारे पैसे असं सगळं 'येणारच' म्हणून धरलं की जमेची बाजू फुगते. त्या फुगलेल्या जमेवर प्रभागाप्रभागात कामं मंजूर होतात. पैसा येत नाही, काम मात्र झालेलं असतं. ठेकेदाराची देयकं अडकतात आणि पुढच्या वर्षी 'मागील दायित्व' म्हणून पहिला घास तेच घेतात. मूल्यांकन संस्था पत ठरवताना नेमकं हेच तपासतात. कर्ज थकवलेलं नसावं आणि हिशोब दुहेरी नोंद पद्धतीचा, लेखापरीक्षण झालेला असावा, ही तर पहिली पायरी.

कर्ज थकलं की काय होतं, हे जळगावकरांनी पाहिलंय. नगरपालिकेच्या काळात हुडको या घरबांधणी-नगरविकासाला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीकडून घेतलेलं कर्ज महापालिकेच्या गळ्यात आलं, व्याज चढत गेलं, कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या आदेशानं बँक खाती गोठली आणि शेवटी राज्य सरकारला मध्ये पडावं लागलं.

आता पुण्याचं बघा. जून २०१७ मध्ये पुण्यानं चोवीस तास पाणीयोजनेसाठी २०० कोटी ७.५९ टक्क्यांनी उभे केले. पत चांगली, वसुली चांगली, मागणीही भरपूर आली. पण त्यानंतर कामाच्या निविदा रद्द करून नव्यानं काढाव्या लागल्या, आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. त्यातून घ्यायचा धडा साधा आहे: जागा ताब्यात, रेल्वे-महामार्गाची परवानगी हातात, तांत्रिक मान्यता झालेली आणि निविदा उघडलेली असेल, तेव्हाच रोखे काढावेत.

सातपुड्यापलीकडच्या इंदूरनं २०२३ मध्ये २४४ कोटी उभे केले, ते जलूदच्या सौरऊर्जा प्रकल्पासाठी. नर्मदेचं पाणी उपसायचं वीजबिल त्यातून वाचणार, आणि ती बचत कर्ज फेडायला उपयोगी पडणार. मला हा विचार आपल्याकडे जास्त लागू वाटतो. धुळ्यालाही तापीचं पाणी उपसूनच आणावं लागतं. गल्लीतल्या काँक्रीट रस्त्यांसाठी रोखे काढायला मात्र माझा ठाम विरोध आहे. त्यातून ना उत्पन्न येतं ना बचत होते.

त्याआधी पाच वर्षांचा भांडवली आराखडा हवा, आणि त्यात प्रत्येक कामापुढे खर्च, पैशाचा स्रोत, कोणत्या वर्षी किती आणि पूर्ण झाल्यावर देखभालीला वर्षाला किती, हे लिहिलेलं हवं. शेवटचा रकाना सहसा रिकामा असतो, आणि म्हणूनच बांधलेली टाकी पुढे कोरडी राहते. रस्त्यावरचा क्रमही त्यातच ठरतो: आधी भुयारी गटार, मग जलवाहिनी, मग घरजोडण्या, सगळं दाबून बसल्यावर डांबर. हा क्रम मोडला की तोच रस्ता दोनदा करावा लागतो.

अमळनेर, पाचोरा, चाळीसगावसारख्या नगरपरिषदांना एकट्यानं बाजारात जाणं परवडत नाही. मूल्यांकन, विश्वस्त, नोंदणी हा खर्चच जास्त होतो. २००२ मध्ये तमिळनाडूत १३ लहान शहरांनी एकत्र येऊन ३० कोटी ४१ लाख उभे केले होते. तसा सामायिक निधी राज्यानं उभारला, तर खानदेशातल्या नगरपालिकांना वाट सापडेल.

तुमच्या शहरात रोख्यांचा ठराव येईलच, तेव्हा महासभेच्या आधी नगरसेवकाकडे दोन कागद मागा: गेल्या तीन वर्षांची महिनावार घरपट्टी वसुली आणि ३१ मार्चअखेरच्या थकीत देयकांची यादी. वसुलीतून पगार, वीजबिल आणि जुनी देयकं वजा करून उरलेल्या रकमेत वरचे साडेपंधरा कोटी बसतात का, ते स्वतः मांडून बघा.